सुरुवातीपासून ऐकवा

माझं शुद्धलेखन चुकतं आणि अक्षर किडामुंगीचं आहे, त्याची आधी माफी मागते. चौथीनंतर पाटी सुटली आणि मी बोंबील सुकवायला लागले. ही वही मुलीची उरलेली आहे, कुणाला दाखवायची नाही. पण मी जे केलं ते मला विसरायचं नाही.

माझे मालक बोटीवरून बुडून गेले तेव्हा बोटवाल्याने भरपाई म्हणून एक लाख चाळीस हजार दिले. ते मुलीच्या नर्सिंगसाठी ठेवायचे होते. थोरल्या दिरांचं, म्हणजे भावोजींचं, मुरुडला लॉज आहे. त्यांना दोन खोल्या वाढवायच्या होत्या. दिवाळीला परत देतो म्हणून त्यांनी ते रोख नेले. घरच्या माणसाकडे कागद कोण मागतो?

थोरल्या दिरासमोर उभं राहून बोलायची आमच्या घरात रीत नाही. ते ओटीवर, मी दाराआड. त्यामुळे पैशाचं बोलणं फोनवर व्हायचं. लिहायला मला वेळ लागतो, म्हणून मी आवाज भरून पाठवायची. तेही तसंच पाठवायचे. समोर बसून बोलले असते तर माझ्याकडे आज काहीच नसतं. ती रीत मला आयुष्यभर गप्प बसवायला होती, पण त्यांचं बोलणं तिनेच धरून ठेवलं.

दोन दिवाळ्या गेल्या. कॉलेजची फी भरायची तारीख जवळ आली, तेव्हा मी पुन्हा विचारलं. उत्तर आलं ते चांगलं लांबलचक. त्यात मला इतकं घाण बोलले होते की माझे कान तापले. मी मुलीला म्हटलं, "पैशाचं तेवढं ठेव, पुढचं मागचं काप." तिने तुकडा करून स्वतःच्या फोनमध्ये घेतला. तो तुकडा घेऊन मी गावच्या पंचांकडे गेले.

तुकडा वाजला. "तुझे एक लाख चाळीस माझ्याकडं हायेत, व्हय, हायेत." बस, एवढाच.

भावोजी मांडी हलवत हसले. "हा माझा आवाज न्हाय. आता मशीन कुणाचाबी आवाज काढतं. आन् नुसतं मधलंच कसं गं? या माशाचं डोकं कुठं हाय, शेपूट कुठं हाय?"

पंचही हसले. थोरला पंच म्हणाला, "बाई, घरातलं घरात मिटवा."

घरी येऊन मी मुलीला म्हटलं, "पैसे तर घेणारच. पण याच पंचांना बसवून भावोजींना सगळं डोक्यासकट शेपटीसकट ऐकवणार."

एसटीने अलिबागला एका वकीलबाईंकडे गेले. वकीलबाई तरुण होत्या. तुकडा ऐकून त्यांनी पहिलाच प्रश्न केला, "मूळ कुठे आहे?"

"जुन्या फोनात. काच फुटली म्हणून बंद करून ठेवलाय."

"ताई, तो विकला नाहीत, हे नशीब. आता चालू करू नका, कुणाला देऊ नका. आहे तसा आणा."

दुसऱ्या दिवशी पदराखाली धरून नेला. त्यांनी चारी बाजूंनी फोटो काढले, फोनचा नंबर उतरवला, कुणी दिला, कुणी घेतला, किती वाजता, सगळं लिहिलं. पाकिटात घालून चिकटवला आणि जोडावर माझी सही घेतली. "पाकीट कुणी उघडलं तर तुमची सही फाटेल," म्हणाल्या. पुढे ज्याच्या हातात पाकीट गेलं त्याची सही आणि वेळ त्या कागदावर चढत गेली.

पनवेलच्या एका जाणकाराने माझ्यासमोर पाकीट उघडलं आणि फोनची हुबेहूब नक्कल काढली. त्या नकलेवरून मशीनने एक लांबलचक आकडा काढला, अक्षरं आणि अंक मिसळलेला. त्यातलं तिळभर जरी कुणी बदललं, तर आकडा सगळाच वेगळा येतो म्हणे. मला कळलं. सुकवायच्या वलांडीवरचा एक बोंबील कुणी चोरला तरी दोरी वेगळी झुलते, लांबून ओळखता येते.

मग प्रमाणपत्र. फोन माझा, माझ्याच वापरात होता, आवाज त्यातूनच काढला, असं. खाली माझी सही, दुसरी त्या जाणकाराची. मी विचारलं, "आम्ही तुकडा कापला ते सांगायचं नको ना?"

"ते तर आधी सांगायचं. लपवलंत की मूळही खोटं ठरेल."

नोटीस गेली. भावोजींच्या वकिलाने कळवलं, आधी ऐकवा. मी वकीलबाईंना म्हटलं, "पंचांनाही बोलवा."

"ताई, त्यात तुम्हालाही वाईट बोललेत. चालेल?"

"मी एकदा ऐकलंय."

त्यांच्या ऑफिसात सगळे बसले. भावोजी, त्यांचा वकील, दोन पंच. मी पहिल्यांदा दाराआड नव्हते. वकीलबाई म्हणाल्या, "महत्त्वाचं तेवढं लावू?" मी म्हटलं, "सुरुवातीपासून ऐकवा."

भावोजींचा आवाज खोलीभर झाला. "अगं ए, चौथी शिकलेली तू. कोर्टात जाशील? सही तरी येते का? नवरा बुडाला, आता तू बुड. तुझे एक लाख चाळीस माझ्याकडं हायेत, व्हय, हायेत. न्हाय देत. कागद हाय का? पंचांकडं जा, जा. त्या भिकाऱ्यांना लॉजवर दोन कोंबड्या आन् एक बाटली दिली की माझीच री ओढतात."

थोरल्या पंचाने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि भावोजींकडे बघितलं. "भिकारी व्हय रं?"

भावोजी म्हणाले, "मशीनचा आवाज हाय तो, काका."

"मशीनला दोन कोंबड्या कशा ठाऊक?"

त्यांच्या वकिलाने आमचा तो लांब आकडा, सह्यांचा कागद बघितला आणि अशिलाच्या कानात काहीतरी सांगितलं. भावोजींची मान खाली गेली. ती मान मी पोटभर बघितली. वाईट वाटलं नाही. अजूनही वाटत नाही.

तीन हप्ते ठरले. गावात भिकाऱ्याला पाजतात तसा चहाही भावोजींना कुणी पाजेना, पंचांनी लॉजवर जाणं बंद केलं. शेवटचा हप्ता माझ्याच हातात द्यायचा, ओटीवर, ही माझी अट होती. त्यांनी पुडकं पुढे केलं. मी दारात उभी राहून, त्यांच्या डोळ्यांसमोर, नोट न् नोट मोजली. मग माझ्या किडामुंगीच्या अक्षरात पावती लिहिली, सही केली आणि त्यांना दिली. एक लाख चाळीस हजार पूर्ण मिळाले.