बारीकबाई आणि बत्तिसावं उत्तर

छापखान्यात त्यांना तोंडावर सगळे ‘बाई’ म्हणायचे आणि पाठीमागे ‘बारीकबाई’. अंगानं त्या मुळीच बारीक नव्हत्या. बारीक होती ती नजर. छापायला जाणारं प्रत्येक पान आधी त्यांच्या टेबलावर यायचं आणि लाल शाईनं माखून परत जायचं. एकतीस वर्षं त्या प्रुफं तपासत होत्या. लग्नपत्रिकेपासून वैद्यकाच्या जाडजूड ग्रंथापर्यंत सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं. “आमच्या बाई आहेत म्हणून आजवर एकाही पत्रिकेत नवरा मुलगा बदलला गेला नाही,” असं मालक येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. मालक तसे चिक्कूच. पण बाईंच्या बाबतीत हात नाही तरी तोंड सढळ होतं.

नुसते शब्द तपासणारे पुष्कळ असतात. बाईंची तऱ्हा निराळी होती. पुस्तक काही शिकवणारं असेल, तर ते स्वतः शिकून पाहिल्याशिवाय त्या पुढे जात नसत. आणि आपण शिकलो एवढ्यानंही त्यांचं समाधान व्हायचं नाही. आपण दहादा वाचलेलं असतं, आपल्याला ते कळणारच. म्हणून शेवटचं प्रूफ त्या घरी नेत आणि नवऱ्याच्या पुढ्यात ठेवत. नवरा किल्ल्या बनवणारा. कोपऱ्यावर त्याचं वीतभर दुकान. शांत माणूस, पुस्तकाच्या वाटेला कधी न गेलेला, म्हणजे बाईंच्या लेखी अगदी अस्सल वाचक. पुस्तकात लिहिलंय तसंच त्यानं करायचं, एका अक्षरानं इकडेतिकडे व्हायचं नाही, आणि शंका कुठे आहे हे बाई त्याला मरेपर्यंत सांगणार नाहीत. सांगितलं तर तो साधा वाचक राहिला कुठे?

त्या बिचाऱ्यानं संसारात काय काय सोसलं! स्वयंपाकाच्या पुस्तकातला ‘चमचा’ आणि ‘वाटी’ यांतला घोटाळा त्याच्या जिभेनं पकडला होता. विणकामाच्या पुस्तकापायी त्याची टोपी तीन कानांची झाली. आसनांच्या पुस्तकात ‘डावा’च्या जागी ‘उजवा’ पडल्याचं कळलं, पण त्यासाठी त्याला चार दिवस मान वाकडी ठेवून किल्ल्या घासाव्या लागल्या. गिऱ्हाइकांनी विचारलं, तर म्हणाला, “बायकोचं पुस्तक सुटायचंय.” मला विचाराल तर त्या छापखान्याच्या पुस्तकांवर त्याचंही नाव छापायला हवं होतं.

त्या वर्षी एक सर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात दोन फोन, बोलणं तुडतुडीत. शेअर बाजारातल्या ऑप्शनच्या व्यवहारांचे ते वर्ग चालवायचे, आणि त्या वर्गासाठी त्यांनी सरावाचं पुस्तक लिहिलं होतं. आधी धडा, मग उदाहरणं, मागे उत्तरं. एक तारखेला नवा वर्ग सुरू व्हायचा होता. तीन हजार प्रती त्याच्या आत हव्या होत्या.

बाईंना शेअर बाजार म्हणजे काय हे ठाऊक होतं ते एवढंच, की धाकटे दीर त्यात एकदा पोळले होते. पहिले दोन दिवस सगळं डोक्यावरून गेलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी छपाईतल्या रद्दी कागदांचा गठ्ठा घेतला, पट्टी घेतली आणि पहिल्या उदाहरणापासून सुरुवात केली. आडवी रेघ शेअरच्या भावाची, उभी रेघ नफ्या-तोट्याची. एकेक आकृती त्या काढत, खोडत, पुन्हा काढत. डबा खाताना डाव्या हातानं पान उलटत. कंपोझ करणारी मुलं हसायची, “बाई आता नोकरी सोडणार, गाडी घेणार.” बाई म्हणायच्या, “गाडी घेतली की आधी तुलाच चिरडते, गप अक्षरं लाव.”

दहाव्या दिवशी गाडी रुळावर आली. वाढत्या भावाचा डाव, पडत्या भावाचा डाव, एक घ्यायचा नि एक विकायचा असे जोडीचे डाव, सगळ्यांच्या आकृत्या त्या न बघता काढू लागल्या. भाव वर जावो की खाली, दोन्हीकडून हात मारायचा, असा एक डाव होता. तो सोडवून झाल्यावर त्या स्वतःशीच म्हणाल्या, “दोन दगडांवर पाय ठेवायचे इथे पैसे पडतात होय!” पंचावन्न वर्षांची बाई, आयुष्यात एक शेअर घेतलेला नाही, घ्यायचाही नाही, आणि तरी चाळीस धडे मुळापासून शिकली. कशासाठी, तर न कळलेली ओळ तपासता येत नाही म्हणून. अशा माणसांचे कुठे सत्कार होत नाहीत.

घरी त्यांनी नवऱ्याला मूळ कल्पना इसाराच्या भाषेत सांगितली.

“घराचा इसार देतो ना आपण, तसंच हे. थोडे पैसे देऊन आजचा भाव बांधून घ्यायचा. घर महागलं तर आपली चांदी. नाही महागलं, तर इसार गेला, बाकी काही नाही.”

“आणि ज्यानं इसार घेतला तो?” नवऱ्यानं विचारलं.

“त्याच्याकडे घर असेल तर ठीक. नसेल, आणि भाव चढले, तर बाजारात मिळेल त्या भावानं घर विकत घेऊन आपल्याला जुन्या भावात द्यायचं.”

“मग तो मेलाच की!”

“म्हणूनच नीट शिकायचं,” बाई म्हणाल्या.

पण ऐन वेळी नवऱ्याची कंबर धरली. उताणं पडून पेन्सिल चालवता येईना. इकडे मालकांनी घोषा लावला. मशीन मोकळं आहे, बाइंडर खोळंबलाय, सरांचे दिवसाला सहा फोन येताहेत. बाईंनी दोन दिवस दम काढला. तिसऱ्या दिवशी मालक टेबलापाशी येऊन उभेच राहिले. शेवटी एकतीस वर्षांत पहिल्यांदाच, साध्या वाचकानं न सोडवलेल्या पुस्तकावर त्यांनी ‘छापायला हरकत नाही’ असं लिहून सही केली. सरांचीही सही झाली. पुस्तक मशीनवर चढलं.

आठवड्यानं नवऱ्याची कंबर सुटली. पुस्तक तर छापून झालं होतं, बांधणी तेवढी राहिली होती. पण सवय ती सवय, जुनं प्रूफ घेऊन तो संध्याकाळी टेबलाशी बसला. दोन दिवसांत तिसाव्या उदाहरणापर्यंत आला. मंगळवारी बाई कामावरून आल्या तेव्हा तो खुशीत होता.

“अगं, हे तर फारच सोपं आहे. मी उगाच घाबरत होतो.”

बाईंनी त्याची वही पाहिली. एकतिसावं उदाहरण: शंभराचा शेअर, एकशे दहाच्या भावानं घ्यायचा हक्क चार देऊन विकत घेतला, तर जास्तीत जास्त नफा किती, तोटा किती? बत्तिसावं: तोच हक्क, हाती शेअर नसताना चार घेऊन विकला, तर? बत्तिसाव्याखाली नवऱ्यानं लिहिलं होतं, ‘तोटा फक्त चार. नफ्याला मर्यादा नाही.’ त्या अक्षरांखालचा कागद खरबरीत होता. आधी काहीतरी लिहून खोडलेलं होतं, एकतिसाव्याखालीही तसंच. बाईंनी कागद उजेडाला तिरपा धरला. ‘नफा चार. तोट्याला मर्यादा नाही,’ हे बरोबर उत्तर खोडरबराखालून अजून वाचता येत होतं.

“हे का खोडलंत?”

“मागच्या उत्तराशी जुळेना.”

“पण तुम्हांला काय वाटत होतं?”

“मला वाटून काय उपयोग? पुस्तक तुझ्या हातून गेलंय. चूक माझीच असणार.”

बाईंचं जेवणावरचं मन उडालं. नवऱ्याला मात्र त्यांनी अवाक्षर सांगितलं नाही. उत्तर दुरुस्त करून पुन्हा ह्याच माणसाकडून सोडवून घ्यायचं होतं, आणि चूक कुठे आहे हे आधीच कळलं तर तो वाचक बाद.

बुधवारी छापखाना उघडण्याआधी त्या दारात होत्या. मालक आल्याआल्या त्यांनी सांगितलं, “एकतीस आणि बत्तीसची उत्तरं उलटी पडलीत. शेवटचा फॉर्म पुन्हा छापावा लागेल.” फॉर्म म्हणजे एका मोठ्या कागदावर एकदम छापली जाणारी सोळा पानं. तो तीन हजारांचा ढीग बाइंडरकडे जायला तयार होता.

मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. मग हिशेबी माणसाला सुचतं तसं सुचलं. “सरांनीच उलटं लिहिलं असणार. त्यांचा खर्च.” त्यांनी कपाटातून सरांची मूळ प्रत आणि तिला बांधलेलं पहिलं प्रूफ काढलं आणि दोन्ही बाईंच्या पुढ्यात टाकली.

मूळ प्रतीत उत्तरं बरोबर होती. फक्त सरांनी घाईत बत्तिसाव्याचं उत्तर आधी आणि एकतिसाव्याचं नंतर लिहिलं होतं. आणि पहिल्या प्रुफात, क्रम सरळ करायला म्हणून, लाल शाईनं नुसते आकडे बदलले होते. उत्तरं जागच्या जागी. शाई बाईंची, खूण बाईंची. उदाहरणं त्यांनी मूळ प्रतीवरून सोडवली तेव्हा अर्थ वाचला, प्रुफात क्रम लावताना नुसते आकडे. दोन्ही कामं बिनचूक केली आणि दोहोंच्या मधून चूक निसटली.

मालकांनीही ती खूण पाहिली.

“बाई,” मालक हळूच म्हणाले, “पहिलं प्रूफ आता कोण बघतंय? शेवटच्यावर सरांची सही आहे. एक चिठ्ठी छापू, शुद्धिपत्र म्हणून आत घालू. वर्गात सर सांगतीलच.”

“शुद्धिपत्र आजवर कोणी वाचलंय? तुम्ही वाचता?”

मालक चष्मा पुसू लागले.

“सही सरांची असेल. खूण माझी आहे. फोन लावा, मी बोलते. छपाईचा खर्च माझ्या पगारातून कापा.”

“पगारातून?” मालकांनी कपाळाला हात लावला. “मग तुम्हांला शंभर वर्षं नोकरी करावी लागेल.”

“करीन,” बाई म्हणाल्या. एकतीस वर्षांचं नाव एका फोनवर जाणार होतं, आणि त्या नावाखेरीज त्यांनी दुसरं काही जमवलेलं नव्हतं. तरी त्यांनी फोन लावायला लावला आणि सगळं सांगितलं, कुठलीही सबब न जोडता.

सर तासाभरात हजर झाले ते तणतणत. वर्ग चार दिवसांवर, लोकांचे पैसे घेतलेले, असली बेपर्वाई. बाईंनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “सर, तुम्ही शिकवता. मला एक सांगा. हे उत्तर वाचून एखाद्यानं खरंच असा हक्क विकला, आणि भाव दुप्पट झाला, तर?”

सर बोलता बोलता थांबले. त्यांनी पान हातात घेतलं, बत्तिसावं उत्तर वाचलं, आणि पुन्हा वाचलं. “मीही हे वाचूनच सही केली होती,” ते म्हणाले. त्यानंतर त्यांचा आवाज चढला नाही. अर्धा खर्च त्यांनी आपण होऊन अंगावर घेतला. उरलेला मालकांनी कुरकुरत घेतला, आणि बाईंच्या पगाराला हात लावला नाही, हे त्यांच्या खाती जमा करायला हवं.

शुक्रवारी नवं प्रूफ आलं. मशीन तयार, कागद चढवलेला, सर समोर बसलेले. मालकांनी पेन पुढे केलं. बाईंनी घेतलं नाही.

“ह्यांना बोलावलंय,” त्या म्हणाल्या. “सोडवू देत आधी.”

“बाई, आत्ता? मशीन थांबलंय!”

“मागच्या खेपेला थांबलं नाही म्हणून तर आज थांबलंय.”

नवरा दुकान बंद करून आला. हाताला पितळेचा कीस, खिशात पेन्सिल. एवढे लोक आपल्याकडे का बघताहेत हे त्याला कळेना. बाईंनी कोरा कागद आणि प्रूफ पुढ्यात ठेवलं, एवढंच म्हणाल्या, “एकतीस आणि बत्तीस.” तो ओठ हलवत वाचू लागला. आकृती काढली. एकतिसावं लिहिलं, मागे पाहिलं, या वेळी जुळलं. बत्तिसावं लिहिलं, मागे पाहिलं, आणि त्याची पेन्सिल थांबली. त्यानं पान पुन्हा उलटलं. पुन्हा मागे पाहिलं.

“पण हे तर मी आधी लिहिलं होतं तेच आहे,” तो म्हणाला. “म्हणजे विकणाऱ्याच्या तोट्याला मर्यादा नाही?”

“नाही,” सर म्हणाले.

त्यानं पेन्सिल खाली ठेवली. मग बाईंकडे वळून, अपराध्यासारखा बोलला, “मी काल बँकेत गेलो होतो. डिपॉझिट मोडायला. हक्क विकायचा तर तारण ठेवावं लागतं ना. म्हटलं, तोटा चारच आहे तर तुला न सांगताच सुरू करावं, नंतर एकदम सांगावं. रांग फार मोठी होती, म्हणून परत आलो. आज दुपारी पुन्हा जाणार होतो.”

“कितीचं मोडणार होतात काका?” मालकांनी विचारलं.

“सगळंच.”

बाई त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. तीन दिवस त्या एकाच घरात, एकाच टेबलाशी ह्या माणसाबरोबर जेवल्या होत्या, आणि नियम म्हणून तोंडातून ब्र काढला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी सगळ्यांसमोर पदरानं पुसलं. मालकांनी पुन्हा पेन पुढे केलं.

बाईंनी ते टेबलावर ठेवलं. नवऱ्याच्या पुढ्यातलं पान उलटलं.

“तेहतिसावं करा,” त्या म्हणाल्या. “आणि शेवटापर्यंत सगळी करा. ह्यापुढे उत्तर जुळलं नाही तर खोडायचं नाही. आधी मला विचारायचं.”

नवऱ्यानं मान हलवली आणि पेन्सिलीला टोक केलं. सरांनी आपली खुर्ची सरकवून त्याला उजेडाकडे जागा करून दिली. मालक दारापर्यंत गेले आणि मशीनवाल्याला म्हणाले, “बंदच ठेव. काकांना चहा सांग, आणि आज घाई नाही म्हणून सांग सगळ्यांना.”