यादीतल्या कमलताई

मेलेल्या माणसांशी इतक्या अदबीनं वागणारा माणूस अख्ख्या अमरावतीत दुसरा नसेल. आमच्या राजापेठेतल्या संत्रा बागायतदार संघाच्या हापिसात हे टायपिस्टकाका बडनेऱ्याहून रोज यायचे, आणि बागायतदारांची यादी साफ करायचं काम साहेबांनी त्यांच्या नि माझ्या गळ्यात एकत्रच घातलं. यादी म्हणजे उकिरडा होता. हापिसातल्या कॉम्प्युटरवर कुणीही यावं, नाव घालून जावं. काढायचं मात्र कुणाच्या मनात आलं नव्हतं. शेंदूरजनाघाटचा एकच बागायतदार सात वेळा होता, आणि जे वारले त्यांनाही दर सोमवारी बागेची काळजी कशी घ्यावी याचा मेसेज जात होता.

मला आठ दिवसांत काम उरकायचं होतं. उरकणं हा प्रकार काकांना ठाऊकच नव्हता. वारलेल्याचं नाव काढण्याआधी ते चपला काढून उभे राहत, हात जोडत, नाव मोठ्यानं वाचत आणि मगच मला बटण दाबू देत. एकाच माणसाच्या दोन नोंदींपुढे तर अर्धा अर्धा तास बसत. "ज्याले काढलं तोच खरा निंगाला तं?" असं त्यांनी एकदा इतक्या हळू विचारलं की भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. बंद नंबरावर फोन लावत आणि 'हा नंबर अस्तित्वात नाही' सांगणाऱ्या बाईला "बरं माय, उद्या पाहू" म्हणत. दुसऱ्या दिवशी खरंच पुन्हा लावत. मी चिडायचे, पण त्यांच्या डब्यातली भाकर नि ठेचा खाल्ल्यावर फार वेळ चिडता येत नसे.

मग कमलताई सुरू झाल्या. गाव शेंदूरजनाघाट, शेरा 'मयत'. मी नाव काढलं. सकाळी ते पुन्हा जागेवर. चार दिवस हेच. शिपाईभाऊंनी कॉम्प्युटरला लिंबू-मिरची बांधली, आणि मला हसायची हिंमत झाली नाही. पाचव्या दिवशी मी त्या नंबरावर फोनच लावला. रिंग माझ्या कानात वाजली आणि काकांच्या लोखंडी कपाटातही.

काकांनी कपाट उघडलं. फटीतून वायर आत गेली होती, तिला एक जुना बटणांचा फोन. कमल हे काकूंचं नाव. माहेरची बाग त्यांच्या नावे, म्हणून त्या यादीत. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली होती. रोज सकाळी माझ्या आधी येऊन काकाच ते नाव पुन्हा घालत होते.

"सोमवारी 'नमस्कार कमलताई' असा मेसेज येते," ते म्हणाले. "तिले नावानं हाक मारनारं एवढंच राह्यलं, माय. ते बी काढलं तं हा फोन मी कायले चार्ज करू?"

मला रडू आलं. यादी साफ झाल्याचा अहवाल मी दिला आणि कमलताईंना राहू दिलं.

पुढे काका निवृत्त झाले, फोन घरी घेऊन गेले. यंदा तेही गेले. मूलबाळ नाही, बडनेऱ्याच्या घराचं कुलूप मी स्वतः ओढून पाहिलंय. काही महिन्यांनी मी कमलताईंचं नाव काढायला बसले. कुणाचा फोन बंद असला की आमच्या यादीत मेसेजपुढे 'पोचला नाही' असं येतं. चपला काढून मी उभी राहिले, नाव मोठ्यानं वाचलं आणि त्यापुढची मेसेजची नोंद पाहिली. पोचला. आधीच्या सोमवारी, त्याच्याही आधीच्या सोमवारी, पोचला.

फोन लावायचं धाडस मला झालं नाही. नाव काढलं नाही. फक्त त्यापुढे 'आणि काका' एवढं जोडलं. सोमवारी तोही मेसेज पोचला.