इंदो चेनिंगच्या शिडीचा पाय

लाजारीत जमीन आणि घर या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि ज्याला हे कळत नाही त्यानं आमच्या गावात वीतभरही जागा घेऊ नये. जमीन एकाची असते, तिच्यावरचं घर दुसऱ्याचं. घर लाकडी, उंच खांबांवर उभं. मालकानं मनात आणलं की शंभर-सव्वाशे माणसं खाली शिरतात, घर खांद्यावर घेतात आणि चालू लागतात. जमीन बिचारी कुठंच जात नाही, म्हणून भांडणं सगळी जमिनीवरून.

इंदो चेनिंगचं घर तिचं होतं, जमीन जावेची. इंदो म्हणजे आई. तिला मूलबाळ नव्हतं, पण केळीच्या पानात वाफवलेला गोड बारोंगको रोज दारात आणून देणाऱ्या बाईला गाव आई नाही तर काय म्हणणार? वय साठ, उंची जेमतेम पावणेपाच फूट, आवाज मात्र पाटाच्या पलीकडच्या शेतात ऐकू जाणारा. नवरा ला साकिर वारून नऊ वर्षं झाली होती. तो इतका उंच, की बाजारात हरवला असं कधी झालंच नाही. लग्नानंतर त्यानं थोरल्या भावाच्या जागेत घर उभारलं, तेव्हा भाऊ म्हणाला होता, "आपलीच जागा, राहा." भाड्याचं नाव नाही की कागदाचं नाव नाही.

भाडं घेतलं असतं तर बरं झालं असतं. भाडं देणाऱ्याला निदान मान वर करून बोलता येतं. इथं चेनिंगच्या कोंबड्या जरा इकडेतिकडे झाल्या, दोरीवरचं एखादं लुगडं उडून पलीकडं पडलं, की जाऊ हाज्जा रन्नू कॉफीचा पेला पुढं करायची आणि अगदी मायेनं म्हणायची, "शिडी तुझीच गं चेनिंग, पण शिडीचा पाय आमच्या जमिनीत आहे, तेवढं ध्यानात ठेव." पस्तीस वर्षं चेनिंगनं ते ध्यानात ठेवलं. इतकं, की खाली उतरताना शेवटच्या पायरीवर तिचा पाय आपोआप थबकायचा, मग मातीला लागायचा.

मरण्याआधी आपल्या शिडीचा पाय आपल्या मातीत टेकवायचा, एवढी एकच गोष्ट तिला आयुष्यात हवी होती. अकरा वर्षं बारोंगको विकून तिनं पैसे साठवले आणि आम्बो उपेकडून पाटाच्या कडेचा एक तुकडा घेतला. आम्बो उपे म्हणजे कॉफी ढवळून झाल्यावर चमचासुद्धा चाटून ठेवणारा गडी. त्यानं कागद काढला. त्यावर लिहिलं होतं, रुंदी आठ मीटर.

"तुझे मीटर तुझ्यापाशी ठेव," चेनिंग म्हणाली आणि दोन्ही हात ताणून स्वतःच जागा मोजायला लागली. दोन्ही हात पसरले की एक वाव, अशी या खुंटीपासून त्या खुंटीपर्यंत बरोबर साडेपाच वाव भरली. आमच्याकडं घर मालकाच्या अंगानं मोजतात, वावांत आणि वितींत, नाहीतर ते घर माणसाला लाभत नाही. चेनिंगचं घर पाच वाव रुंद, हे सगळ्या गावाला ठाऊक. पाच वाव घर आणि साडेपाच वाव जागा. उरलेल्या अर्ध्या वावात शिडीचा पाय टेकवायचा आणि त्याच्या कडेला मोगरा लावायचा, हेही तिनं तिथंच ठरवून टाकलं.

मग एक दिवस हाज्जा रन्नूच्या मुलानं, तो मकासरला नोकरीला, चेनिंगच्या घराखालची जमीन सुराबायाच्या पाक विर्यो नावाच्या माणसाला विकली. पाक विर्योला खेड्यात पैसे गुंतवायचे होते, शहरी पाहुण्यांसाठी खोल्या काढायच्या होत्या. मुलानं त्याला फोटो पाठवला. फोटोत चेनिंगचं सुंदर लाकडी घर होतं. कागदात फक्त जमीन होती. आता फोटो सगळेच बघतात, कागद कोण वाचतो?

बातमी सांगायला हाज्जा रन्नू आली ती डोळ्यांना पदर लावूनच. चेनिंग रडेल, आपण तिला जवळ घेऊ, असा तिचा बेत होता. चेनिंगनं तिला तिथंच सोडलं आणि चपला हातात घेऊन वा सेन्नोंकडं धाव ठोकली. वा सेन्नो हे घरांचे जाणते; वा म्हणजे थोरल्या माणसाला आदरानं मारायची हाक. कुठला खांब कधी रोवायचा, कुठलं घर कुठल्या वारी उचलायचं, सगळं त्यांच्या डोक्यात.

"वा, शुक्रवार बघा, लवकरातला."

"अगं, बस तरी. पाणी घे."

"पाणी नव्या घरी पिईन."

शुक्रवारी दुपारची नमाज आटोपली आणि मशिदीच्या भोंग्यावरून इमामांनी सांगितलं, "इंदो चेनिंगचं घर उचलायचंय. बारोंगको तीनशे आहेत. उशिरा येणाऱ्याला पान चाटायला मिळेल." सव्वाशे माणसं हजर झाली. आदल्या दिवशीच खांबांना आडवे बांबू बांधून ठेवले होते. मधल्या खांबाला, घराच्या नाभीला, केळ्याचा घड, नारळ आणि गुळाची ढेप लटकत होती. भांडीकुंडी, टीव्ही, आरसा शेजारी गेला होता. मांजर मात्र काही केल्या बाहेर येईना. ते खिडकीत ऐटीत बसून राहिलं.

वा सेन्नोंनी काठी वर केली. सव्वाशे गळ्यांतून एक हाक निघाली आणि घर उठलं. चेनिंगनं हे दहादा पाहिलं होतं, दुसऱ्यांच्या घराच्या वेळी. आपलं घर हातभर वर उठताना बघणं निराळंच असतं. ती मोठ्यानं हसत सुटली. घर रस्त्याला लागलं. ती पुढं पुढं, घराकडं तोंड करून उलट्या पावलांनी चालत, सगळ्यांना सूचना देत होती आणि कुणीही ऐकत नव्हतं. "डावीकडं घ्या, नारळ आहे. अरे, माझ्या शिडीला सांभाळा. मांजर घाबरेल." मांजर खिडकीतून रस्त्याच्या दोन्ही अंगांना बघत होतं, नवरीसारखं.

त्याच वेळी जुन्या जागी पाक विर्यो गाडीतून उतरला. खोल्या मोजायला मोजपट्टी आणली होती. समोर खांबांखालचे दगड आणि चार कोंबड्या.

"माझं घर कुठं आहे?" त्यानं विचारलं.

हाज्जा रन्नूनं बोट दाखवलं. "ते काय, वळणावर पोचलंय. पळालात तर गाठाल."

पाक विर्यो पळाला. वरातीमागून घोडं कसं येतं ते त्या दिवशी लाजारीनं पाहिलं. घामाघूम होऊन त्यानं चेनिंगला गाठलं.

"बाई, हे घर मी विकत घेतलंय."

"कागदावर घर लिहिलंय?"

त्यानं चालता चालता कागद काढला, वाचला, उलटा करून मागनंही वाचला. "नाही," तो म्हणाला.

"मग हात मोकळे आहेत ना? तिथं मागं एक माणूस कमी पडतोय. खांदा लावा, बारोंगको मिळेल."

का कोण जाणे, त्यानं लावला. मोजपट्टी खिशात आणि बांबू खांद्यावर. पन्नास पावलांत तो बाकीच्यांबरोबर हाका देऊ लागला होता.

घर पाटाच्या पुलाअलीकडून नव्या जागेत वळलं. डाव्या अंगाला पाट, उजव्या अंगाला आम्बो उपेची जमीन. डावे खांब पाटाच्या काठाला अगदी चिकटून आले आणि वा सेन्नोंनी काठी आडवी धरली. "थांबा. टेकवू नका."

उजवीकडची खांबांची अख्खी रांग खुंटीच्या पलीकडं गेली होती. आणि शिडी होती उजव्या अंगाला.

"असं कसं होईल?" चेनिंग म्हणाली. "घर पाच वाव, जागा साडेपाच वाव. मी स्वतः मोजलीय."

"कुणाच्या हातानं मोजलीस?" वा सेन्नोंनी विचारलं.

"माझ्या."

"आणि घर कुणाच्या हातानं मोजलं होतं?"

चेनिंगनं आपले आखूड हात पाहिले. तिच्या डोळ्यांपुढं ला साकिरचे ताडासारखे लांब हात आले, लाकडाच्या ओंडक्यावर पसरलेले. ती मटकन खाली बसली. इतकी माणसं, इतके शहाणे, आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं. घराखालून पाक विर्योनं मोजपट्टी बाहेर सरकवली. खांबांना एक मीटर कमी, शिडीला आणखी एक.

"मागं घेऊ या का?" कुणीतरी कण्हत विचारलं.

"घर मागं चालत नसतं," वा सेन्नो कडाडले. "आणि आपल्या जागी नाभी एकदा टेकली, की तिथंच."

म्हणजे आता टेकवलं, तर शिडीचा पाय पुन्हा दुसऱ्याच्या जमिनीत. पस्तीस वर्षं जावेच्या, आता उपेच्या. चेनिंग उठून उभी राहिली, कारण आम्बो उपे समोरच होता. उजव्या कोपऱ्यातल्या बांबूखाली, मान वाकडी करून. बारोंगको पहिला आपल्याला मिळावा म्हणून तो सगळ्यांच्या पुढं उभा राहिला होता.

"उपे," ती म्हणाली, "दोन मीटरची पट्टी दे."

उपेचा चेहरा खुलला. घोडं अडलेलं दिसलं की कुणाचा नाही खुलत? "देतो की. चौरस मीटरला पाच लाख रुपिया."

सव्वाशे माणसांनी एकदम शिवी दिली. उपेच्या आजूबाजूच्या तिघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि कुणी काही न बोलता आपापले खांदे दोन बोटं खाली घेतले. घराचा कोपरा अलगद उपेवर आला.

"चार," उपे म्हणाला.

खांदे आणखी बोटभर उतरले.

"तीन. अरे, काय चाललंय? दोन लाख. बाई, दोन लाख म्हणतोय मी."

"दोन बरा भाव आहे," पाक विर्यो मागून ओरडला. "मी यापेक्षा जास्त दिलाय."

"तुम्ही मधे बोलू नका, तुमचा सौदा पाहिलाय आम्ही," कुणीतरी म्हणालं, आणि खाली असा हशा पिकला की अख्खं घर गदागदा हललं. मांजरानं खिडकी बदलली.

उपेचे गुडघे थरथरायला लागले. "फुकट घे," तो किंचाळला. "अल्लाची शपथ, फुकट घे, पण हे खाली ठेवा."

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. वा सेन्नो काठी खाली घेणारच होते.

"नको," इंदो चेनिंग म्हणाली.

काठी तशीच राहिली.

"फुकटची जमीन नको मला. फुकटच्या जमिनीवर पस्तीस वर्षं राहिलेय मी. किंमत सांग."

"दहा हजार दे," उपे म्हणाला.

"दहा हजाराला दोन कप कॉफी मिळते. उद्या तू गावभर सांगत फिरशील, चेनिंगला जागा मी दिली म्हणून. नीट किंमत सांग."

"इंदो, घे ना गं बाई," घराखालून सव्वाशे जण कळवळले. जन्मात पहिल्यांदा लाजारीत विकत घेणारी भाव चढवत होती आणि विकणारा पाडत होता. "एक लाख," उपे. "पट्टीचे की मीटरचे?" चेनिंग. "काय हवं ते," उपे, आता रडवेला. मग चेनिंगनं डाव्या हातातली सोन्याची बांगडी ओढून काढली. ला साकिरनं लग्नात घातलेल्या दोनांपैकी एक. ती तिनं उपेच्या सदऱ्याच्या खिशात टाकली, कारण त्याचे हात मोकळे नव्हते.

"सगळ्यांनी पाहिलं?"

"पाहिलं," सव्वाशे जण ओरडले.

"वा, टेकवा."

घर टेकलं. लोक बाहेर आले ते लोळतच, हसत, एकमेकांचे खांदे चोळत. उपेनं खिशातली बांगडी काढून दातानं चावून पाहिली, इतका तो तेवढ्यात सावरला होता. त्याला पहिला बारोंगको मिळाला, आणि दुसराही. चेनिंग नाभीच्या खांबाला टेकून उभी होती. "तुझ्या लांब हातांनी घोळ केला," ती खांबाशी पुटपुटली, "तुझ्याच बांगडीनं निस्तरला. फिटंफाट." मग तिला एकदम रडू आलं, आणि रडता रडता पुन्हा हसू.

पाक विर्यो पाचवा बारोंगको सोलत जवळ आला. "बाई, हे घर मला विकाल?"

"विकीन की. सव्वाशे माणसं आहेत तुमच्याकडं?"

तो नाही म्हणाला. त्याला सहावा बारोंगको मिळाला.

ऊन उतरल्यावर हाज्जा रन्नू गुळाची ढेप घेऊन आली. शिडीखाली ती थांबली. एक पाय वर, एक मातीत. "वर येऊ का गं, चेनिंग?" तिनं विचारलं. पस्तीस वर्षांत हे तिनं कधी विचारलं नव्हतं. आपल्याच अंगणातल्या घरात जायला कोण विचारतं?

चेनिंग वरच्या पायरीवर आली. तिनं कॉफीचा पेला पुढं केला आणि अगदी मायेनं म्हणाली, "ये की. फक्त शिडीचा पाय कुणाच्या जमिनीत आहे तेवढा बघून ये."

हाज्जा रन्नूनं खरंच खाली वाकून पाहिलं. मग चपला काढल्या. "पाहिला," ती म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की अर्धी कॉफी शिडीवर सांडली.

त्या संध्याकाळी इंदो चेनिंग काही ना काही निमित्त काढून अकरा वेळा शिडी उतरली. कधी कोंबड्यांना हाकलायला, कधी मोगऱ्याची जागा बघायला, एकदा तर नुसतीच. शेवटच्या पायरीवर तिचा पाय एकदाही थबकला नाही.