काटेकाका भांडायचे थांबले

काटेकाका भांडायचे थांबले तेव्हा घरात सगळ्यांना आनंद झाला.

सर्वांत जास्त काकूंना. त्यांनी लेकीला फोन करून सांगितलं, "अगं, परवा मी मीठ घालायलाच विसरले. जेवले की मुकाट्यानं! शेवटी मलाच राहवेना. मीच म्हटलं, अहो, अळणी आहे ना? तर म्हणतात, चालतंय."

"बाबा चालतंय म्हणाले?"

"चालतंय म्हणाले. मी म्हटलं, उशिरा का होईना, पावलास रे देवा."

लेक हसली. ती गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. एका प्रवास कंपनीत तिकिटांच्या खिडकीवर काम करायची. दिवसभर लोकांची भांडणं ऐकून घरी आल्यावर वडिलांचं भांडण ऐकावं लागणार नाही, हे तिलाही बरंच वाटलं.

काटेकाकांचा धंदा काटे दुरुस्त करण्याचा. वजनाचे काटे. धान्याच्या दुकानातले, भाजीवाल्यांचे, सोनाराच्या काचेच्या पेटीतले, पार्सलं तोलायचे. दुकान म्हणजे एक शटर, एक दगडी ओटा आणि छतापर्यंत लोखंड. ओटा दगडी अशासाठी, की बाहेरून ट्रक गेला तरी काटा थरथरू नये. तपासणीची पितळी वजनं मखमल लावलेल्या लाकडी पेटीत असत. त्यांना बोट लावायचं नाही, चिमट्यानं उचलायची. बोटाचा घाम लागला की वजन वजन राहत नाही, असं ते म्हणत. लेक लहानपणी त्यातलं एक वजन खेळायला घेऊन गेली होती. त्यानंतरचं भाषण तिला अजून पाठ आहे.

जगातली प्रत्येक गोष्ट थोडी तरी चुकलेली असते आणि ते सांगणं आपलं काम आहे, अशी त्यांची समजूत. थांबा सोडून पुढे जाऊन बस थांबवणाऱ्या चालकाला ते खाली उतरून सुनावत. जावई पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याला बघून म्हणाले, "माणूस चांगला वाटतो, पण एक खांदा खाली आहे." जावई अजून आरशात बघतो.

आणि डॉक्टरबाई. त्यांच्याशी तर ठरलेलं भांडण.

डॉक्टरबाईंचा दवाखाना एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर. खालच्या इस्त्र्यांमुळे फरशी कायम कोमट. बसायला एकही जोडी न जुळणाऱ्या खुर्च्या. आतल्या खोलीत एक तपासायचं टेबल आणि दाराशी गोल तबकडीचा, उभं राहायचा वजनकाटा. काटेकाका दर दोनेक महिन्यांनी तिथे जात. हृदयाचे ठोके मधूनच ताल सोडतात म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. पण गोळीचं बोलणं नंतर. आधी काट्याचं.

"बाई, तुमचा काटा खोटा आहे."

"तुमचं पोट खरं आहे. आधी ते बघा."

"एवढ्या शिकलात आणि काटा शून्यावर ठेवता येत नाही?"

"मला येत नाही म्हणून तर तुम्ही आहात."

मग काटेकाका गुडघ्यावर बसायचे, खालचा स्क्रू फिरवायचे, उठायचे, पुन्हा वाकून बघायचे. बाहेरचे पेशंट ताटकळत. भांडण ओसरलं की बाई जरा वेळ इकडचं तिकडचं बोलत आणि मगच रक्तदाबाचा पट्टा बांधत.

लेकीला हे सगळं जुनाट वाटायचं. ती स्वतः कुठल्याच एका डॉक्टरकडे जात नसे. खोकल्याला एक, पाठीला दुसरा, जो मोकळा असेल तो. प्रत्येक ठिकाणी पहिल्यापासून सांगायचं. ऑपरेशन झालंय का? कसली ॲलर्जी? घरात कोणाला साखर? ती तिकिटासाठी प्रवाशाची माहिती भरावी तशी पटापट उत्तरं द्यायची. डॉक्टरकडे जाणं म्हणजे हेच, असं तिला वाटे.

भांडण थांबल्यावर काही आठवड्यांनी काटेकाकांचा एक पाय फरशीवर घासल्यासारखा वाजू लागला. दुपारी ते ओट्याला टेकून झोपू लागले. लेक त्यांना नव्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली. काचेची इमारत, टोकन, गार हवा. तिथला तरुण डॉक्टर मन लावून ऐकणारा होता. त्यानं घाई केली नाही. रक्त तपासलं, नाव विचारलं, वार विचारला. काटेकाकांनी सगळं बरोबर सांगितलं आणि वर थँक्यू म्हणाले. डॉक्टर म्हणाला, वय झालं की माणूस मंदावतो. जीवनसत्त्वाच्या गोळ्या द्या, न घसरणाऱ्या चपला घ्या, थोडं फिरवा.

निघताना तो म्हणाला, "फार गोड आहेत तुमचे वडील."

लेकीला अभिमान वाटला. तिच्या वडिलांना आजवर कोणी गोड म्हटलं नव्हतं. तिथेच तिला शंका यायला हवी होती. आली नाही.

रक्ताच्या गोळ्या संपत आल्या म्हणून काकूंनी डॉक्टरबाईंकडे जायचा धोशा लावला. लेकीनं रजा टाकली आणि दोघांना घेऊन गेली. लाँड्रीचा जिना चढताना काटेकाकांनी कठडा धरला. पूर्वी कठडा डुगडुगतो म्हणून ते खालच्या मालकाशी वाद घालत.

आत गेल्यावर बाई नेहमीसारख्या म्हणाल्या, "या. राहा उभे."

ते काट्यावर उभे राहिले. लेक मागेच होती. तिलासुद्धा दिसलं, ते चढायच्या आधी काटा शून्याच्या चांगला पुढे होता. काटेकाकांनी तबकडीकडे पाहिलं. समोरच्या भिंतीकडे पाहिलं. मग खाली उतरले.

बाईंनी पेन टेबलावर ठेवलं.

"काय हो, काटा बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"नवीन घ्यावा म्हणतेय. तो आकडे दाखवणारा. हा टाकून देते भंगारात."

"घ्या की."

"तुमच्या धंद्यात काही दम राहिला नाही म्हणतात लोक."

काटेकाका हसले. समजूतदार, मऊ हसले. "खरंय बाई तुमचं."

काकूंनी कौतुकानं लेकीकडे बघितलं. बघ, कसे निवळलेत. लेकीचं लक्ष डॉक्टरबाईंच्या चेहऱ्याकडे होतं. तो चेहरा उतरला होता.

बाई उठल्या. खुर्ची ओढून काटेकाकांच्या अगदी समोर बसल्या. "डोळे मिटा. दोन्ही हात पुढे करा. तळवे वर. पाणी धरल्यासारखे." काटेकाकांनी धरले. क्षणभर दोन्ही हात समान होते. मग डावा हात आपोआप आत वळला आणि हळूहळू खाली आला. काटेकाकांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांच्या मते दोन्ही हात सारखेच होते. सगळं आयुष्य पारडी बघण्यात गेलेला माणूस.

"डोक्याला लागलं होतं का यांच्या?"

"नाही हो," लेक म्हणाली.

"लागलं होतं," काकू म्हणाल्या. "म्हणजे काही नाही, शटर वर करताना आपटलं. बरेच दिवस झाले. रक्तसुद्धा आलं नाही. शटरलाच इतकं बोलले की मी म्हटलं, झालं, धडधाकट आहेत."

बाईंनी हॉस्पिटलात फोन लावला. लेकीला त्यांचं बोलणं तुटक ऐकू येत होतं. "नाही, चालतात. बोलतात. सगळं बरोबर सांगतात." पलीकडचा कोणीतरी काही विचारत होता. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी ओळखते यांना. हे असे नाहीत." थोडं थांबून पुन्हा, "हे असे नाहीत. डोक्याचा स्कॅन आत्ता हवा."

मग त्या भराभरा सांगू लागल्या. रक्त पातळ करायची कुठली गोळी, आजची घेतली का, ते काकूंना विचारून तेही. पेनिसिलिन देऊ नका, घसा सुजतो. एक मूत्रपिंड लहान आहे, जन्मापासून, औषधं बेतानं द्या. भुलीनंतर यांना फार उलट्या होतात, हर्नियाच्या वेळी झाल्या होत्या. समोर कागद नव्हता. त्या खिडकीबाहेर बघत बोलत होत्या.

लेक ऐकत उभी राहिली. वडिलांचं एक मूत्रपिंड लहान आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. या बाईच्या डोक्यात तिचे वडील होते. सगळेच्या सगळे, रागासकट.

"पण परवाच त्या मोठ्या हॉस्पिटलात दाखवलं," ती पुटपुटली. "ते म्हणाले, वयानं."

"त्यांचं चुकलं नाही गं. त्यांनी यांना आधी पाहिलेलं नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला शांत म्हातारा हा शांत म्हाताराच दिसणार." बाई काटेकाकांच्या पायात चप्पल सरकवत होत्या. "काटा मी मुद्दाम हलवून ठेवते. यांची पाळी असली की सकाळी स्क्रू फिरवते. इतक्या वर्षांत एकदाही हुकले नाहीत. मला पट्टा बांधायच्या आधीच कळतं, माणूस ठीक आहे."

म्हणजे ती सगळी भांडणं तपासणी होती. जिन्यावर उतरताना तिनं मागे वळून त्या न जुळणाऱ्या खुर्च्यांकडे पाहिलं. एक कोष्टी, मांडीवर मूल घेतलेली एक बाई, दोघे भाऊ. प्रत्येकासाठी आत काय लावून ठेवलेलं असेल? कोणाला काय विचारत असतील, कोणाची कुठली थट्टा करत असतील, आणि काय ऐकू आलं नाही की पेन खाली ठेवत असतील?

स्कॅनमध्ये दिसलं. कवटीच्या आत, मेंदूवर, एका बाजूनं रक्त साचलं होतं. थेंब थेंब करून, आठवडे. मेंदू त्याच्या भारानं सरकला होता. सर्जननं चित्रावर बोट ठेवून दाखवलं. लेकीला दिसली ती नुसती राखाडी कोर. त्या एवढ्याशा कोरीनं तिच्या बापाचा आवाज दाबून ठेवला होता आणि घरानं त्याला स्वभाव सुधारला म्हटलं होतं.

"असेच घरी राहिले असते तर एक दिवस झोपेतून उठले नसते," सर्जन म्हणाला. "आता रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम उतरवायचं औषध देतो आणि आत घेतो."

काकू बाकावर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, "मी देवाचे आभार मानत होते गं." लेकीनं त्यांचा हात धरला. दुसरं काय करणार.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी काटेकाकांनी डोळे उघडले, सलाईनच्या बाटलीकडे बराच वेळ पाहिलं आणि नर्सला म्हणाले, "हा स्टँड वाकडा आहे." काकू तिथेच रडायला लागल्या. नर्सला वाटलं, काहीतरी बिघडलं.

काही दिवसांनी दुपारी डॉक्टरबाई भेटायला आल्या. लिफ्टला रांग होती म्हणून जिन्यानं आल्या. दारात उभं राहून त्यांनी आधी श्वास घेतला. मग खुर्चीपर्यंत आल्या, बसल्या, पुन्हा श्वास घेतला. डोक्याला पट्टी बांधलेले काटेकाका त्यांच्याकडे बघत होते.

"धाप लागलीय तुम्हाला."

"तीन जिने आहेत, काटेकाका. वय झालं."

"वय झालं म्हणे! मलाही सगळे हेच म्हणत होते." ते उशीवरून वर सरकले. "पूर्वी तुम्ही लाँड्रीचा जिना चढताना मला हाका मारत यायचात. आता वर येऊन गप्प बसता. मी बघितलंय. तुम्ही कोणाला दाखवता?"

"मी स्वतःच डॉक्टर आहे."

"ते पाटीवर लिहिलंय. तुम्हाला कोण बघतं, ते विचारतोय."

बाई हसल्या. मग हसू विरलं. त्यांनी पदरानं घाम टिपला. "होते एक सर. गेले ते. त्यानंतर..." त्यांनी हात हलवला. "नवी मुलं मला मॅडम म्हणतात. मॅडमला जीभ दाखवा कोण म्हणणार?"

"म्हणजे कोणीच नाही."

"कोणीच नाही."

काकू दूध ओतता ओतता थांबल्या. लेक खिडकीशी उभी होती. सगळ्या गल्लीला डोक्यात घेऊन फिरणारी ही बाई कोणाच्याच डोक्यात नव्हती.

"खालच्या मजल्यावर हृदयाची डॉक्टर बसते," काटेकाका म्हणाले. "पोरगी आहे, पण मान वर करून बोलते. काल माझ्याशी भांडली. तिच्याकडे जायचं. आणि एकदा नाही, दर वेळी तिच्याकडेच. तिला माहीत व्हायला हवं तुम्ही कशा असता ते."

"काटेकाका, माझा दवाखाना असतो."

"कुलूप लावा."

"लोक येऊन परत जातील."

"जाऊ देत. तुम्ही गेलात तर कुठे जातील?"

बाईंचा श्वास अजून पुरता बसला नव्हता.

लेक पुढे आली. तिनं बाईंची पर्स उचलून आपल्या खांद्याला लावली. "मी येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "उद्या कशाला, ती आत्ता खाली असेल."

बाईंनी लेकीच्या हाताला धरलं आणि त्या उठल्या.

"लिफ्टनं न्या," काटेकाका म्हणाले.