आधी बादली

"चोळू नको! चिकटपट्टी आण!"

आमच्या लालबागच्या चाळीत पावसाळ्यात कोणी हात खाजवताना दिसलं, की सिस्टर जिन्यातूनच ओरडत. परळच्या एका इस्पितळात त्यांनी जन्म काढला होता. निवृत्त झाल्या, तरी आम्ही सगळे त्यांचे पेशंटच.

चाळीच्या फाटकाबाहेर, फुटपाथवर, शेवग्याचं झाड होतं. तुम्हीही पाहिलं असेल, पावसात शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांची गोधडी पसरते. गोकुळाष्टमीला आमच्याकडे शेवग्याच्या पाल्याची भाजी लागतेच. मी तेव्हा साठीची पोर, अक्कल यायची होती. पदर खोचला आणि पाला ओढायला सिनेमातल्या नटीसारखी थेट खोडालाच बिलगले. मग घरी जाऊन काथ्याने दंड घासले! सिस्टरांनी चिकटपट्टी दाबून सुरवंटाचं एकेक कुसळ उपटलं. "वैनी, झाडाला मिठी मारायचं वय आहे काय तुझं?"

त्यांची पद्धत साधी. दिवसा सुरवंट खोडावर दाटीने बसतात, तेव्हा जुन्या उलथन्याने ते साबणाच्या पाण्याच्या बादलीत खरवडायचे. कोवळ्या फांद्यांवर कडुनिंबाचं तेल फवारायचं. त्यांना दमा होता, म्हणून रेनकोट, हातमोजे, नाकावर दुहेरी मास्क. सेक्रेटरी म्हणाले, "सिस्टर, जालीम औषध मारून टाकू, एका दिवसात साफ."

"आणि अष्टमीला ते औषधच खाणार काय रे?"

शेंड्यावरचे थोडे मात्र त्या मुद्दाम सोडत. म्हणत, "पावशा पाखराला पण पोट आहे."

त्या शेंड्यावरचाच एक सुरवंट, वाऱ्याने असेल, खालच्या मजल्यावरच्या तान्ह्या मुलीच्या पाळण्यात पडला. कुसळ डोळ्यात गेलं. सिस्टर स्वतः तिला उचलून इस्पितळात धावल्या. डोळा वाचला. झाड वाचणार नव्हतं, हे त्या परतल्या तेव्हाच त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

"मीच सोडले होते ते," एवढंच म्हणाल्या.

पालिकेची परवानगी फक्त फांद्या छाटायची होती. सेक्रेटरींनी आणलेल्या माणसांनी बुंध्यालाच करवत लावली. खोड सुरवंटांनी भरलेलं. सिस्टर मास्क न लावताच खाली धावल्या. "अरे थांबा! झाड कापा, पण आधी बादली, मग करवत!" कोणी थांबलं नाही. सेक्रेटरी म्हणाले, "पुरे झालं आता, सिस्टर." झाड आडवं झालं आणि कुसळं भुशासारखी उडाली. कठड्यांवर वाळत घातलेल्या कपड्यांवर, आमच्या मानांवर, आणि खोकत उभ्या राहिलेल्या त्या बाईच्या छातीत.

त्या रात्रीपासून त्यांची धाप उतरलीच नाही. ज्या इस्पितळात जन्म गेला, तिथेच गेल्या.

त्यांच्या भाचीने त्यांना निळा झगा घातला होता, रविवारचा. करवत चालली त्या दिवशी तो कठड्यावरच वाळत होता. शवपेटीजवळ वाकले, तर जपमाळ गुंडाळलेल्या हातापाशी, बाहीवर, एक बारीक सोनेरी कुसळ दिसलं. आता ते त्यांना काय टोचणार होतं? पण मी पिशवीतून चिकटपट्टी काढली, बाहीवर दाबली आणि अलगद उचलली.

भाची म्हणाली, "आजी, काय करताय?"

मी म्हटलं, "चोळायचं नसतं, बाय."