जीपच्या दारातला दर्या

तुम्ही हसणार, हे मला ठाऊक आहे. चहा तोंडात असेल तर आधी गिळून घ्या, मग ऐका. कारण हा घोळ मी एकटीने घातला, मन लावून घातला, आणि वर चार माणसांना तो ऐकायला घरी बोलावलं. घोळ ऐकायला कसा बोलावतात? सांगते ना.

आमच्या अंगणात माडाखाली बाबांची जुनी जीप उभी होती. बाबा मूळचे मच्छीमार. गुडघा गेला तशी त्यांनी होडी विकली, ही लांबलचक जीप घेतली आणि नांदगाव स्टेशनवरून देवगडपर्यंत माणसं आणायला लागले. पुढे तेही जमेना. मग जीप नुसतीच उभी. कोंबड्या तिच्याखाली सावलीला बसायच्या आणि बाबा तिच्याकडे बघून रोज तेच म्हणायचे, हसनभाईला देऊन टाकूया, त्याला सुटे भाग तरी मिळतील.

मी मात्र तिच्याकडे बघितलं की कुठल्या कुठे जायचे. मागची बाकं काढायची. तिथे फळ्यांचा पलंग. पलंगाच्या वर, छपरात, एक मोठी खिडकी. मग कुणकेश्वराच्या पलीकडे कुठेतरी सुरूच्या बनात गाडी लावायची आणि पाठीवर पडून राहायचं. ढग या काठाकडून त्या काठाकडे सावकाश जातील, एखादी घार खिडकीच्या चौकटीत शिरेल आणि बाहेर पडेल. तुझ्या लग्नाचं काय, तुझ्या नोकरीचं काय, असं घारीने कधी कुणाला विचारलेलं नाही. आमच्या घरी येणारी बाकी सगळी माणसं विचारतात.

आधी मी रीतसर मेकॅनिककडेच गेले, बरं का. जामसंड्यात हसनभाईंचं गॅरेज आहे. तालुक्यात गाडी चालते ती पेट्रोलवर नव्हे, आपल्या कृपेवर, असं त्यांचं मत आहे आणि ते त्यांनी कधी लपवलेलं नाही. मी खिडकीचं सांगितल्यावर त्यांनी पाना खाली ठेवला.

“छपराक भोक? बाय, लोक छप्पर गळता म्हणान माझ्याकडे येतत. तू गळवूक इलंस?”

मी सगळा बेत समजावला. ते ऐकून घेऊन म्हणाले, “चतुर्थी झाल्यार ये. बघूया.”

आता आमच्याकडे श्रावण लागला की सगळं जग चतुर्थी झाल्यावर असतं. घराचं रंगकाम, सोयरीक, दुखरी दाढ, सगळं. माणसाने मरायचं ठरवलं तरी त्याला सांगतील, चतुर्थी होऊन जाऊ दे. माझं डोकं फिरलं. मी भौतिकशास्त्रात पदवी घेतली आहे, एक खिडकी मला कापता येणार नाही?

घरी येऊन मी बाबांना सांगितलं की गाडी मीच करणार. बाबा म्हणाले, गाडी हसनभाईकडेच जाणार. शब्दाला शब्द वाढत गेला आणि शेवटी मी म्हटलं, यंदाचा गणपती मी याच गाडीतून आणते, कोरडा आणि अखंड. आणला तर गाडी माझी.

“आणि नाय इलो तर?”

“तर हसनभाईंची.”

बाबा हसले. ते हसणं मला अजून आवडत नाही.

भाऊकाका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, फायबरच्या होड्या दुरुस्त करतात. त्यांच्याकडून मी कटर आणला, उरलेलं रेझिन आणलं, फायबरची मॅट आणली. छप्पर कापलं, उघडझाप करणारी झडप बसवली, कडा होडीच्या कडेसारख्या सांधल्या. वरून कळशीमागून कळशी ओतली. आत थेंब नाही. त्या दिवशी मी स्वतःच्याच अंगणात इतक्या ऐटीत चालत होते की कोंबड्यांनी वाट सोडली.

आणि मग मी गाडीखाली सरपटत गेले. खाली काय दिसलं असेल? भोकं! प्रत्येक दाराच्या तळाला बारीक बारीक भोकं. गाडीच्या पत्र्यालाही भोकं. कंपनीने गाडी बनवली आणि खालून उघडीच ठेवली!

तुम्ही घाटावरचे असाल तर तुम्हाला काही वाटणार नाही. पण आमच्या घरात मूल चालायला लागायच्या आधी एक गोष्ट शिकतं. तळाला भोक दिसलं की बुजवायचं, विचार नंतर करायचा. मी एकेक भोक शोधलं, घासलं, रेझिन भरलं, वरून मॅट चिकटवली. बाबा वाकून बघायला आले आणि जन्मात पहिल्यांदा माझ्या कामावर खूश झाले. म्हणाले, “खालसून सगळा बुजवलंस? बरा केलंस.” भाऊकाकांनी तर बोटाने टकटक करून पाहिलं आणि सांगितलं की ही आता देवगड बंदरात सोडली तरी तरंगेल. तिघांपैकी एकालाही वाटलं नाही की बनवणाऱ्याने ती भोकं काही कामासाठी ठेवली असतील. आम्ही होडीवाली माणसं. पाणी बाहेरून आत येतं, एवढंच आम्हाला माहीत. आत आलेल्या पाण्याला परत बाहेर जायचं असतं, हे आमच्या घरात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

त्यानंतर श्रावणातला पाऊस येत-जात राहिला. ऊन, सर, पुन्हा ऊन. मी जेवण झालं की गाडीत जाऊन पडायची. झडपेतून माडाची झापं हलताना दिसत. आभाळ कधी धुतल्या भांड्यासारखं लख्ख, कधी राखेसारखं. अंग हळूहळू हलकं होई. आणि अशाच एका दुपारी, कूस बदलताना, मला तो आवाज आला.

चुळुक. मग थोडं थांबून पुन्हा, चुळुक.

अगदी हळू. ओहोटीच्या वेळी खडकातल्या खळग्यात पाणी हेलकावतं ना, तसा. मी श्वास रोखून पडून राहिले. समुद्र आमच्या घरापासून डोंगरापलीकडे. एरवी इथे त्याची गाज येत नाही. पण गाडीत येत होती! वाऱ्याने गाडी जराशी डुलली की लाट यायची, फुटायची, मागे जायची. मी डोळे मिटले तेव्हा अंगण नव्हतं, माड नव्हता. मी कुठल्यातरी लांबच्या खाडीत होते, नांगर टाकलेला होता, आणि सूर्य बुडायची घाई करत नव्हता.

बाहेर आले ती सिद्धांत घेऊनच. अनुनाद! शंख कानाला लावल्यावर गाज येते, तशी ही पोकळ गाडी डोंगरापलीकडचा समुद्र पकडते. मी आईला अंगणात उभं करून आकृती काढून समजावलं. आईने मान डोलावली आणि भाताकडे गेली. मैत्रिणींना बोलावलं. त्या ओळीने पडल्या आणि ऐकत राहिल्या. एकीच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. तिने विचारलं की पाऊस झाल्यावर आवाज वाढतो, तो कसा? मी म्हटलं, दमट हवेत ध्वनी जास्त चांगला वाहतो. इतक्या आत्मविश्वासाने चुकीचं बोलायला शिक्षण लागतं.

शेवटी बाबा आले. आधी म्हणाले, खुळी आहेस. मग गुडघा सांभाळत पलंगावर आडवे झाले. मी दारात उभी राहिले, जिंकायच्या तयारीत. पण बाबांनी डोळे मिटले, एक हात फळीवर सपाट ठेवला, आणि त्यांचा चेहरा असा सैल पडला जसा मी होडी विकल्यापासून पाहिला नव्हता.

“होडयेत निजल्यासारखा वाटता गो,” ते म्हणाले. मग डोळे न उघडताच, “गणपती ह्याच गाडयेतसून हाडूया.”

त्यानंतर दुपारी गाडीत मला जागा मिळेना. बाबा आधीच घोरत असायचे.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी, गणपती आणायला जाताना आरती वाजायला हवी म्हणून मी मागच्या दोन्ही दारांच्या आतल्या पुठ्ठ्याला खाली गोल भोकं पाडून छोटे स्पीकर बसवले. पुठ्ठा ओलसर लागला. श्रावण-भाद्रपदात आमच्याकडे माणूससुद्धा ओलसर लागतो, मी लक्ष दिलं नाही.

त्याच दुपारी निघालो. मी चालवायला, शेजारी बाबा, मागे पलंगावर भाऊकाका. जामसंड्यातल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात, आमचा पाट आधीच दिलेला होता, त्यावर आमची मूर्ती तयार होती. मातीची, रंग नुकता सुकलेला, पायाशी उंदीर. भाऊकाका मांडी घालून बसले, मांडीवर बाप्पा. आरती सुरू. सड्यावर, डोंगरमाथ्याच्या त्या सपाट कातळावर, हिरवं गवत वाऱ्याने एका अंगाला झुकत होतं, मधूनच तेरड्याची गुलाबी फुलं. पाऊस थांबला होता, ढगांच्या सावल्या रस्ता ओलांडत होत्या, आणि मला वाटत होतं की ही वाट घरी पोचूच नये. गाडी माझी झालीच होती.

मग सड्यावरून गावात उतरायचा तो उतार आला.

मी पहिलं वळण घेतलं आणि आरतीच्या मधोमध एका दारातला स्पीकर गुळगुळ करायला लागला. दुसऱ्या वळणावर तो सुटून खाली पडला आणि त्या भोकातून पाणी आलं. ठिबकलं नाही, आलं. गटारं तुंबल्यावर येतं तसं. एका बाजूचं संपतंय तोवर दुसऱ्या दारातून. काचेच्या फटीतून आठवडेच्या आठवडे मुरलेला सगळा श्रावण मी दारांत भरून ठेवला होता, आणि तो आता गणपतीच्या दर्शनाला निघाला होता.

“बाय, गाडी थांबव. गणपती भिजतलो.” भाऊकाकांचा आवाज फाटला होता.

थांबवणार कुठे? उतार अरुंद, मागे आपापले गणपती घेऊन निघालेल्या गाड्या, हॉर्नवर हॉर्न. बाबांनी मागे वळून पाहिलं. पलंगावरची चादर तरंगायच्या बेतात होती. तेवढ्यात भाऊकाकांनी झडप ढकलली आणि पाट डोक्यावर धरून ते उभे राहिले. छपरातून आधी बाप्पा वर आले, मग भाऊकाकांची मान, मग छाती. पाय पाण्यात, देव आभाळात.

मी मुंगीच्या गतीने गाडी उतरवली. वाटेवरची माणसं थांबून हात जोडत होती. कुणीतरी मोरया म्हटलं आणि अख्खी वाडी ओरडायला लागली. एक गृहस्थ खिडकीशी येऊन कौतुकाने म्हणाले, गणपतीसाठी खास खिडकी केली का हो? मी हसले. माझ्या चपला पाण्यात होत्या.

अंगणात आई निरांजन घेऊन तयार होती. गणपती घेऊन येणाऱ्याच्या पायावर पाणी घालतात, म्हणून हातात तांब्या. तिने आदराने मागचं दार उघडलं. पुढचं तुम्हाला दिसतंच आहे. तिचे पाय, शेजारणींचे पाय, तुळशीवृंदावन, कोंबड्या, सगळ्यांना ते पाणी पोचलं.

आई रिकाम्या दाराकडे आणि भरलेल्या तांब्याकडे बघत राहिली. “मी पाणी घेवन उभी आसंय,” ती म्हणाली, “आणि तुमी पाणी घेवनच इल्यात?”

बाप्पा कोरडे होते. उंदीर मात्र कमरेपर्यंत ओघळला होता. बाबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एवढंच म्हणाले की ठरलं होतं कोरडा आणि अखंड. उंदीर गणपतीत धरायचा की नाही, यावर मी वाद घातला असता, पण माझे दात वाजत होते.

त्याच संध्याकाळी मी गाडीखाली जाऊन स्क्रू-ड्रायव्हरने एकेक भोक मोकळं केलं. उरलंसुरलं सगळं माझ्या तोंडावर आलं.

विसर्जन झालं आणि हसनभाई गाडी न्यायला आले. त्यांना सगळं कळलेलं होतं. ते हसले नाहीत, कारण हसायला त्यांना मोठा श्रोतृवर्ग लागतो. बाबा म्हणाले, जरा थांब, आणि शेवटचं म्हणून गाडीत जाऊन आडवे झाले. आम्ही दोघं बाहेर उभे. आतून बाबा कूस बदलताना ऐकू येत होते. एकदा. परत एकदा. गाडी हलत होती, आवाज येत नव्हता.

थोड्या वेळाने ते बाहेर आले.

“हसन, गाडी नाय दिवचंय. तिच्यात पाणी परत भर.”

मी म्हटलं, बाबा, दार सडेल, गंज चढेल! हसनभाईही माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, चेडू बरोबर बोलतंय. आयुष्यात पहिल्यांदा आमचं दोघांचं एकमत झालं आणि बाबांनी ते ऐकलं नाही. माझ्यासमोर एकच वाट ठेवली: गाडी तुझी, पण आवाज परत आला तर.

म्हणून मी जीप गॅरेजात नेली. जे मी घरी फुकट केलं होतं, तेच आता पैसे मोजून करून घ्यायला. हसनभाईंनी ते चतुर्थीनंतरच्या सगळ्या कामांच्या आधी घेतलं. दाराच्या पोकळीत बूच लावलेला प्लॅस्टिकचा लांबट कॅन बसवला, अर्धा पाण्याने भरलेला. पत्रा कोरडा, पाणी कैद.

बाबा दुपारभर गाडीत पडून होते. संध्याकाळी केस विस्कटलेले, डोळे जड, असे बाहेर आले. मी विचारलं, कसा आहे आवाज?

“बरो आसा,” ते म्हणाले. मग माझी समजूत काढावी तसे थांबले. “तू केलल्यात लाट जरा आखूड होती गो. शेवटी मेकॅनिक तो मेकॅनिक.”