मधल्या गल्लीची दौड

मारोतीला धावायला कुणी शिकवलं नाही, गावानं धाववलं. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेईपर्यंत गावकी त्याच्या घराकडं होती. कुणी मेलं की गावोगाव सांगावा न्यायचा, साहेब दौऱ्यावर आला की घोड्यापुढं पळायचं. बदल्यात शिळी भाकर, वर शिव्या. दीक्षेनंतर त्यानं गावकी सोडली आणि पळणंही.

साठ साली प्रजासत्ताक दिनाला कळंबपासून आमच्या गावच्या चावडीपर्यंत दौड ठरली. चाळिशीतल्या मारोतीनं नाव दिलं, तेव्हा त्याची बायको कौसल्या भडकली.

"पयणं सोडलं म्हणत होते नं? आता कायले पयता?"

"आजवर मांगूनच आलो गावात. एक बार मले मधल्या गल्लीतून पयत यायचं हाय. अन् पहिलं यायचं हाय."

खरंच होतं ते. वेशीतून सरळ गल्ली चावडीला जाते. मारोतीच्या लोकांनी मात्र वेशीबाहेरूनच वळायचं, उकिरड्यांमागच्या वाटेनं चावडीच्या पाठीशी यायचं. हा नियम गावानं कुठं लिहून ठेवला नव्हता. तशी गरजच पडली नाही.

तयारी म्हणावी अशी त्यानं काही केली नाही. दौडीत उतरणारी पोरं दूध-अंडी खात होती, बैठका मारत होती. हा दिवसभर कापूस वेचायचा आणि सांजेला रस्त्याला लागायचा, तोही निवांत. विचारलं तर म्हणायचा, "पहिला कोस सासरी जाणाऱ्या पोरीवानी काढा, शेवटचा माहेरी येणाऱ्या पोरीवानी. पयता पयता बोलता आलं पाह्यजे. बोलणं बंद झालं का पाय बंद होते."

दौडीच्या दिवशी पोरं सुसाट सुटली. मारोती सगळ्यांत मागं.

"मारोती, सोयरिकीले चालला काय?" लोक हसले. तोही हसला.

निम्म्या वाटेवर पोरं कुशी धरून बाभळीखाली बसलेली दिसली. शेवटच्या चढाला पुढं उरला तांड्यावरचा रूपसिंग. त्याला गाठून मारोती म्हणाला, "पाणी पिऊ नको गड्या, नुसती चूळ भर." रूपसिंगाला उत्तर द्यायला दम नव्हता.

वेशीपाशी मारोती एकटाच पुढं होता. गल्लीत दुतर्फा माणसं उभी होती. त्यानं सवयीनं मान खाली घातली, आणि पाय वेशीबाहेरच वळले. लोक ओरडले, पण त्याला उमगलं ते उकिरड्याचा वास नाकात शिरल्यावर. मागं फिरावं तर रूपसिंग तोवर गल्लीत शिरलेला. मारोती चावडीमागून आला तेव्हा सगळ्यांच्या पाठी त्याच्याकडं होत्या आणि हार रूपसिंगाच्या गळ्यात पडत होता.

"रस्ता चुकला का रे?" दौड भरवणाऱ्या विठ्ठलरावांनी विचारलं. बोलणं बंद झालेला मारोती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. मला वाईट वाटलं, रागही आला, पण त्याचा नाही.

कौसल्येनं घागरीतून पाणी आणलं. तो घोटभर प्याला, बाकीचं डोक्यावर ओतून उठला आणि तिला घेऊन आल्या वाटेनं वेशीकडं गेला. बक्षिसाची भाषणं चालू असतानाच दोघं गल्लीच्या तोंडाशी दिसली. कौसल्येच्या डोक्यावर रिकामी घागर. मधोमध, सावकाश, माना वर करून दोघं येत होती. माणसं बाजूला सरकली.

"अरे, आता कायले आला? शर्यत तं संपली!" विठ्ठलराव म्हणाले.

"म्हणूनच तं चालत येऊन राह्यलो," मारोती म्हणाला.